प्रस्तावना : झाकलेला मजकूर, उघडी चौकट

कोणत्याही दप्तरातील कागद हाती घेतला, तर त्यात दोन भिन्न वस्तू एकत्र नांदत असलेल्या दिसतात: एक त्याची चौकट, जी सरकारने, संस्थेने अथवा रूढीने ठरवून दिलेली असते आणि जी शिरूर तालुक्यातील न्हावऱ्यास व दौंड तालुक्यातील पाटसला अक्षरशः एकच असते, आणि दुसरा तिच्या रकान्यांत भरलेला मजकूर, जो एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत बदलतो, ज्यात माणसाचे नाव, बापाचे नाव, जमिनीचे क्षेत्र, कर्जाचा बोजा, वारसांची यादी असे सगळे आयुष्य उतरलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या अंमलाखाली गावोगाव ठेवला जाणारा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, ज्यांना लोक मिळून सातबारा म्हणतात, हे या द्वैताचे आपल्या परिचयातील सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. चौकट सार्वजनिक आहे. ती कोणालाही दाखवावी, शिकवावी, तीवर प्रोग्राम रचावेत. मजकूर मात्र ज्याचा त्याचा आहे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय एवढाच की, असा चौकटबद्ध दस्तऐवज संगणकात असताना त्याची चौकट तिळमात्रही न हलवता तिच्यातील मजकूर प्रोग्रामच्या साहाय्याने ओळखू न येण्याजोगा कसा करावा, आणि तसे केल्यावर तो खरोखरच ओळखू येत नाही अशी खात्री कशी करून घ्यावी.

हा विषय वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु ज्यांनी सहकारी संस्थेचे, पतपेढीचे, साखर कारखान्याच्या ऊस नोंदणीचे वा दवाखान्याच्या केसपेपरांचे काम संगणकावर येताना जवळून पाहिले आहे, त्यांना त्याची निकड सांगावी लागणार नाही. नवा प्रोग्राम तयार होतो, तेव्हा तो चालवून पाहण्यासाठी नमुन्याचा मजकूर लागतो; आणि सोयीच्या मोहाने, अथवा दुसरे काही सुचत नाही म्हणून, खऱ्या सभासदांची खरी फाइल पुण्यातील एखाद्या कंपनीच्या हवाली केली जाते, तेथून ती कोणाच्या लॅपटॉपवर, कोणाच्या पेनड्राइव्हवर, कोणाच्या ईमेलमध्ये जाते याचा पुढे हिशेब राहत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यास वस्तुतः त्या सभासदाच्या नावाशी काडीचे कर्तव्य नसते. नावाच्या रकान्यात नाव आहे, ते देवनागरीत आहे, अमुक अक्षरांपेक्षा लांब नाही, एवढेच त्याला हवे असते. त्याला हवे ते देऊन नको ते राखून ठेवणे ही या विद्येची सारी प्रतिज्ञा होय.

कागदावर लिहिलेल्या नावाची माणसावर केवढी सत्ता चालते, हे या मुलखाला नव्याने शिकविण्याचे कारण नाही. आजच्या दौंड-बारामतीचा प्रदेश ज्यात मोडत असे त्या तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे रोखे, खतपत्रे, हिशेबाच्या वह्या मागितल्या. जेथे त्या मिळाल्या तेथे त्या फाडल्या, जाळल्या. आणि ही लाट शिरूर, इंदापूर व हवेली तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यातही पसरली. या दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीच्या ध्यानी जी गोष्ट विशेष आली ती अशी की, माणसांवरील अत्याचार तुलनेने थोडे होते. रोख होता तो कागदावर. ज्या दस्तऐवजाचा मजकूर कुळाला वाचता येत नव्हता, पण ज्याच्या खाली त्याचा अंगठा होता, तो दस्तऐवजच त्याला आपला वैरी वाटला. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा झाला आणि कागदापलीकडे जाऊन मूळ व्यवहाराचा तपास करण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. मी या प्रसंगाचे स्मरण येथे अशासाठी करतो की, अग्नी हा मजकूर नाहीसा करण्याचा सर्वांत जुना उपाय असला तरी तो चौकट व मजकूर दोहोंना सारखाच ग्रासतो. त्यात अन्यायाचा पुरावा जातो तसा न्यायाचाही जातो. आपल्याला हवा आहे तो याहून अधिक विवेकी उपाय.

मजकूर झाकण्याची परंपराही मराठीला परकी नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, त्यांतील सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. तीत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर योजलेले असते, आणि तिची किल्ली ज्याला ठाऊक नाही त्याला डोळ्यांसमोर पोथी असूनही अर्थ लागत नाही. शतकानुशतके हे ग्रंथ पंथाबाहेरच्या वाचकाला बंद राहिले, आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केल्यावर मराठी गद्याचे एक मोठे भांडार सर्वांस खुले झाले. वाङ्मयाच्या दृष्टीने ही परम भाग्याची गोष्ट. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच घटना एक गंभीर इशारा आहे. जे किल्लीने बंद केले ते किल्लीने उघडते, आणि किल्ली हाती नसली तरी चिकाटीच्या संशोधकाला ती मजकुरातूनच घडवता येते. पोथीच्या बाबतीत ती उघडावी हीच इच्छा होती. खातेदाराच्या यादीच्या बाबतीत तशी इच्छा नाही. तेथे किल्ली अस्तित्वातच असू नये.

आता चौकटबद्ध दस्तऐवज म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात. छापखान्यातील खुणांच्या धर्तीवर मजकुराच्या प्रत्येक भागाला त्याचे नाव सांगणारी खूण जोडावी, या कल्पनेवर आयबीएम कंपनीत १९६९ च्या सुमारास काम सुरू झाले. त्यातून पुढे एसजीएमएल हे प्रमाण १९८६ मध्ये आले आणि त्याचे सुटसुटीत रूप असलेले एक्सएमएल फेब्रुवारी १९९८ मध्ये. या खुणांना टॅग म्हणतात, आणि त्या देवनागरीतही लिहिता येतात, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ जाणकारांनाही ठाऊक नसते. एक कल्पित ओळ पाहू:

<खातेदार खाते="२१४">मारुती गणपत</खातेदार>

यात टॅग ही चौकट, मधले नाव हा मजकूर. समजा, प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेतील पुढचे व्यंजन घातले आणि काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त चिन्ह यांना मुळीच हात लावला नाही, तर ‘मारुती गणपत’चे ‘यालुथी घतफथ’ होते. नाव गेले, पण शब्द दोनच राहिले, अक्षरांची संख्या तीच राहिली, स्वरचिन्ह व्यंजनावरच बसले, आणि प्रोग्रामला जी परीक्षा द्यायची होती ती त्याला जशीच्या तशी देता आली. इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्राम मात्र येथे हमखास चुकतो; तो वेलांटीलाही स्वतंत्र अक्षर समजून तिच्या जागी भलतेच काही घालतो, आणि मग शब्दाच्या आरंभी अधांतरी लोंबणारी मात्रा दिसते, जी मराठीत कधी असूच शकत नाही. अर्थात वरील युक्ती ही केवळ पहिला धडा आहे. ती सकळ लिपीच्याच जातीची असल्यामुळे शाळकरी मुलगाही तिचा उलगडा करील. यास्तव पुस्तकात पुढे जी रीत पुरस्कारिली आहे तीत प्रत्येक नावासाठी यादृच्छिक पर्याय निवडला जातो आणि काम संपताच जुळणीची यादी नष्ट केली जाते.

प्रोग्राम लिहिणे हे यातील सोपे काम. एक्सएसएलटी या भाषेत दोन नियम पुरतात: पहिला नियम जे जे समोर येईल ते जसेच्या तसे उतरवून घेतो, आणि दुसरा केवळ मजकुराशी आला की तेथे थांबून तो बदलतो. पायथनमध्ये तेच काम वृक्षाच्या फांदीफांदीवरून फिरून करता येते. कठीण आहे ते मजकूर कोठे कोठे दडून बसतो हे जाणणे. पायथनच्या प्रचलित पद्धतीत टॅगच्या आतला मजकूर एका ठिकाणी ठेवला जातो आणि टॅग बंद झाल्यानंतरचा मजकूर ‘टेल’ या वेगळ्या ठिकाणी; नवशिक्याचा प्रोग्राम पहिला झाकतो आणि दुसरा उघडा सोडतो. ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगच्या पोटात, अवतरणचिन्हांत लिहिलेली माहिती सुटते, आणि वरच्या ओळीतील खाते क्रमांक नेमका तेथेच आहे. कुणा लिपिकाने कॉमेंटमध्ये ‘फोन करून विचारले’ म्हणून लिहून ठेवलेला मोबाइल नंबर सुटतो. वर्डची फाइल ही तर वस्तुतः अनेक एक्सएमएल फाइलींची बांधलेली थैली असते. तिच्या मुख्य मजकुरातील नाव पुसले तरी लेखकाचे नाव दुसऱ्या फाइलीत शाबूत राहते, आणि दुरुस्त्यांची नोंद चालू असेल तर खोडलेला मजकूरही खोडलेला म्हणून जपून ठेवलेला असतो. जुन्या दप्तरांबाबत आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेली कागदपत्रे पडद्यावर मराठी दिसत असली तरी संगणकाच्या पोटी ती रोमन अक्षरांची जुळणी असते. देवनागरी शोधणाऱ्या प्रोग्रामला त्यांत एकही मराठी अक्षर आढळत नाही, आणि तो सर्व काही झाकल्याचा दाखला देऊन मोकळा होतो.

मराठीची म्हणून जी खास संकटे आहेत, त्यांवर या पुस्तकाने दिलेला भर मला विशेष मोलाचा वाटतो. आपल्या भाषेत नाव वाक्यात आले की विभक्तीने बदलते: फेरफाराच्या नोंदीत तोच मारुती ‘मारुतीस’, ‘मारुतीचे’, ‘मारुतीकडून’ अशा रूपांनी येतो, आणि आकारान्त वा अकारान्त नावांचे तर सामान्यरूपच वेगळे होते, केवळ मूळ नाव शोधणारा प्रोग्राम ही रूपे डावलतो. ‘कऱ्हाड’सारख्या शब्दातील अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिलेला आढळतो, डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला भिन्न. मुलाच्या नावातील मधले नाव हे बापाचे पहिले नाव असल्यामुळे दोन्हींचा पर्याय एकच असावा लागतो, नाही तर वारसनोंदीची साखळी तुटते व वारसनोंद तपासणारा प्रोग्राम विनाकारण चूक दाखवतो. उलटपक्षी ‘मयत’, ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता), ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) ही सातबारावरील पारिभाषिक अक्षरे मजकुरात असूनही चौकटीचाच भाग आहेत. ती झाकली तर कागदाचा कायदेशीर अर्थच हरपतो. क्षेत्राचे आकडे बदलायचे झाले तर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळलीच पाहिजे, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर हे कोष्टकही मोडता कामा नये.

शिरूर तालुक्यात तर आणखी एक पेच पडतो, जो पुण्यामुंबईत बसून कोणाच्या ध्यानी येणार नाही. तळेगाव ढमढेरे, मांडवगण फराटा या गावांच्या नावांतच आडनावे आहेत. आडनावांची यादी देऊन ती सर्वत्र बदलण्यास प्रोग्रामला सांगितले, तर तो गावाचे नावही बदलतो आणि सरकारी यादीत नसलेले एक गाव निर्माण करतो. तसे होऊ नये म्हणून गावाचे नाव वगळले, तर त्या गावातील बहुसंख्य खातेदारांचे आडनाव काय असेल याचा अंदाज त्या नावातूनच बांधता येतो. म्हणूनच बदल शब्दावर न करता टॅगवर करावा, म्हणजे ‘खातेदार’ या खुणेच्या आतील मजकूर बदलावा आणि ‘गाव’ या खुणेच्या आतील मजकुराचा निराळा विचार करावा, हा जो नियम पुस्तकात आग्रहाने सांगितला आहे तो सर्वस्वी योग्य आहे. चौकट असण्याचा हाच तर लाभ!

येथवर आल्यावर आपण या विषयाच्या मर्माशी येतो. नाव झाकले म्हणजे माणूस झाकला गेला, हा समज शहरात धोक्याचा आहे. गावात तो निखालस खोटा आहे. एकत्रीकरण योजनेनंतर गावोगाव जे गट क्रमांक पडले, ते आज प्रत्येक शेतजमिनीची ओळख आहेत; आणि जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक दिला की त्या जमिनीचा सातबारा शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आता एखाद्या विविध कार्यकारी सोसायटीच्या पीककर्जाची यादी घ्या. तीतील प्रत्येक नाव काळजीपूर्वक बदलले, मोबाइल क्रमांक पुसला, आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकले, परंतु गट क्रमांक आणि क्षेत्र हे ‘नुसते आकडे’ म्हणून तसेच ठेवले. ज्याला थकबाकीदार कोण हे जाणून घ्यायचे आहे त्याने यादी एका हाती व सातबारा दुसऱ्या हाती धरला की पुरे. प्रोग्रामने केलेले सगळे श्रम त्या क्षणी व्यर्थ होतात. पुष्कळ जण म्हणतात, सातबारा तर उघडाच आहे, मग झाकाझाक कशासाठी? माझे उत्तर असे की, सातबारा उघडा आहे म्हणूनच इतर कागद अधिक जपून झाकले पाहिजेत, कारण त्या सर्वांची किल्ली चावडीवर टांगलेली आहे.

ही केवळ आपल्याकडची अडचण नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी नोकरांच्या आजारांची माहिती नावे गाळून संशोधनासाठी खुली केली, तेव्हा लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मतदारयादीतील जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक यांच्याशी ती ताडून खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद हुडकून काढली. तेथे हे तीन तपशील लागले. राहू किंवा निमोणे यांसारख्या गावात ‘वय चौऱ्याहत्तर, विधवा, दोन विहिरी’ एवढे वाचून पारावरची मंडळी नाव सांगतील.

आधार प्राधिकरणाने ऑफलाइन ओळखपडताळणीसाठी जी एक्सएमएल फाइल योजली आहे, तिची रचना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तीत पूर्ण आधार क्रमांक येतच नाही, केवळ शेवटचे चार अंक येतात. मोबाइल क्रमांक उघड न लिहिता त्याचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, लिहिलेला असतो. आणि सबंध फाइलीवर डिजिटल स्वाक्षरी असल्यामुळे एक अक्षर बदलले तरी कळते. त्या ठशात नागरिकाने स्वतः निवडलेला सांकेतिक शब्दही मिसळला जातो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो व तो सहा ते नऊ यांपैकी एका अंकाने सुरू होतो. म्हणजे शक्य क्रमांक अवघे चारशे कोटी. माणसाला ही संख्या अफाट, यंत्राला ती क्षुल्लक. नुसत्या क्रमांकाचा ठसा घेतला तर सर्व चारशे कोटींचे ठसे काढून जुळणारा शोधणे हा काही मिनिटांचा खेळ होतो. आपल्याकडे ‘आम्ही हॅश केले आहे’ असे सांगून अनेक संस्था निश्चिंत होतात. त्यांनी वरील हिशेब दोनदा वाचावा.

कायद्यानेही या तत्त्वाची दखल घेतली आहे, आणि प्रोग्रामरांनी ती समजून घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला. परंतु मला याहून अधिक उद्बोधक वाटते ते भारतीय न्याय संहितेचे बहात्तरावे कलम, ज्यात अत्याचारपीडितेचे केवळ नावच छापण्यास मनाई नसून, जिच्यायोगे तिची ओळख पटू शकेल अशी कोणतीही बाब छापण्यास मनाई आहे. विधिज्ञांनी जे एका वाक्यात ओळखले, ते संगणकतज्ज्ञांना ओळखायला फार वेळ लागला. झाकायचे असते ती ओळख. नाव हा तिचा केवळ एक अंश.

हे पुस्तक मोठमोठ्या कंपन्यांतील तज्ज्ञांसाठी नाही. त्यांच्यापाशी साधने आहेत. ते आहे रांजणगाव वा कुरकुंभच्या कारखान्यांच्या कचेरीत बसणाऱ्या, सोसायटीच्या गटसचिवाला संगणकावर मदत करणाऱ्या, तहसील कचेरीबाहेर सेवाकेंद्र चालवणाऱ्या तरुण-तरुणींसाठी, ज्यांच्या हाती दररोज शेकडो माणसांची कागदपत्रे येतात आणि ज्यांना त्यांचे काय करावे हे कोणी शिकवलेले नसते. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करता करता विज्ञान शिकता येते या श्रद्धेवर. त्याच श्रद्धेने हे पुस्तक लिहिले गेले आहे, आणि म्हणून त्यात सिद्धान्त थोडा व उदाहरणे पुष्कळ आहेत. गूढलेखनशास्त्राचे सखोल विवेचन येथे शोधणाऱ्याची निराशा होईल. ते पुस्तकाचे उद्दिष्टच नव्हे.

वाचकाला माझी एवढीच विनंती आहे. मूळ फाइलीवर कधीही प्रोग्राम चालवू नये, नेहमी नकलेवर चालवावा. पहिला प्रयोग दुसऱ्याच्या कागदावर न करता स्वतःच्या घरच्या सातबारावर आणि गाव नमुना आठ-अ वर करावा. आणि प्रोग्रामने ‘काम पूर्ण झाले’ असे सांगितल्यावर तो उतारा छापून आपल्या गावच्या कोतवालाला अथवा जुन्या तलाठ्याला वाचायला द्यावा. त्याने तो वाचून तुमच्या आजोबांचे नाव घेतले, तर परत जाऊन कामाला लागावे.